द्विप्रणाली संगणकासाठी डिस्क-विभाजनाचे नियोजन : मुंबई उपनगरांतील महाविद्यालयांच्या संदर्भात

सारांश :
एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स या दोन कार्यप्रणाली नांदविण्याची गरज महाविद्यालयांना आता केवळ संगणकशास्त्र विभागापुरती उरलेली नाही. अशा संगणकाची हार्ड डिस्क कशी विभागावी, हा प्रश्न सहसा तंत्रज्ञाकडे सोपविला जातो. वस्तुतः तो संस्थेची माहिती किती काळ टिकावी या विषयीचा निर्णय आहे. प्रस्तुत लेखात डिस्क-विभाजनाची संकल्पना, जुन्या व नव्या पद्धतींतील भेद, प्रत्यक्ष आराखडा आणि संभाव्य धोके यांचा परामर्श घेतला आहे. कार्यप्रणालींच्या आधी माहितीची जागा निश्चित करावी, हे येथील मुख्य प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : कार्यप्रणाली, द्विप्रणाली संगणक, पार्टिशन, विंडोज, लिनक्स, माहितीची सुरक्षितता.

१. प्रस्तावना

मुंबईच्या उपनगरांत जागेची टंचाई घरांना आहे तशीच महाविद्यालयांनाही आहे. अंधेरी असो वा बोरिवली, घाटकोपर असो वा मुलुंड, अनेक ठिकाणी एकच संगणक प्रयोगशाळा एकापेक्षा अधिक विभागांना वाटून घ्यावी लागते. वाणिज्य शाखेस टॅली शिकवावयाची असते आणि ती विंडोजवर चालते. संगणकशास्त्र व माहिती-तंत्रज्ञान या विषयांच्या विद्यार्थ्यांना लिनक्सचा सराव हवा असतो. मराठी विभागापुढील अडचण याहून वेगळी आहे. गेल्या दोन-तीन दशकांतील प्रश्नपत्रिका, टिपणे, वार्षिक अंक आणि प्रबंधांची प्रकरणे श्रीलिपी, आकृती वा आयएसएम यांसारख्या प्रणालींच्या जुन्या टंकांत अडकून पडलेली आहेत. युनिकोडपूर्व काळातील हे लेखन मूळ टंकाविना उघडल्यास पडद्यावर निरर्थक चिन्हांची रांग दिसते. ते दुरुस्त करण्यासाठी ज्या प्रणाली लागतात, त्या प्रामुख्याने विंडोजसाठीच निर्माण झालेल्या आहेत.

यात अलीकडे आणखी एका कारणाची भर पडली आहे. दि. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित पाठिंबा संपला. वाढीव मुदतीची योजना घेतलेले संगणक वगळता इतरांना सुरक्षा-दुरुस्त्या मिळणे त्या दिवसापासून थांबले. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप, यूईएफआय ही नवी आरंभ-व्यवस्था, किमान ४ जीबी मेमरी आणि ६४ जीबी जागा आवश्यक आहे. शिवाय इंटेलच्या आठव्या पिढीपूर्वीचे बहुतेक प्रोसेसर पात्र यादीत नाहीत. त्यामुळे सुस्थितीतील अनेक संगणक केवळ या अटींमुळे कालबाह्य ठरतात. अशा संगणकावर इंटरनेटशी निगडित काम लिनक्सवर करावे आणि जुने टंक व लेखा-प्रणाली यांसाठी विंडोज जाळ्यापासून अलग ठेवून वापरावी, हा मार्ग व्यवहार्य आहे.

लिनक्सवर मराठीत काम करण्याची सोय आता पुरेशी आहे आणि तिच्यामागे उपनगरांतील संस्थांचेही श्रम आहेत. जुहू येथील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्राने, जे पुढे सी-डॅकमध्ये विलीन झाले, इंडिक्स या प्रकल्पाद्वारे लिनक्सवर भारतीय भाषा आणण्याचे काम हाती घेतले होते. पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने लिनक्स, लिब्रेऑफिस आदी विषयांचे ध्वनिचित्र-पाठ मराठीतही उपलब्ध केले आहेत. प्रश्न उरतो तो दोन्ही प्रणाली एकाच डिस्कवर सुखाने राहतील अशी व्यवस्था लावण्याचा.

२. पार्टिशन म्हणजे काय

हार्ड डिस्कच्या सलग जागेचे जे स्वतंत्र भाग पाडले जातात, त्यांस पार्टिशन म्हणतात. विंडोजमध्ये ‘सी’, ‘डी’, ‘ई’ या अक्षरांनी दिसणारे भाग हे बहुधा एकाच डिस्कची पार्टिशन असतात. कोणते पार्टिशन कोठे सुरू होते आणि कोठे संपते, याची नोंद डिस्कवरील एका लहानशा तक्त्यात असते. जमिनीचा सातबारा आणि जमीन या जशा भिन्न वस्तू आहेत, तसाच हा तक्ता आणि त्यात नोंदलेली माहिती यांचा संबंध आहे. तक्त्यात चूक झाली तर माहिती डिस्कवर असूनही सापडत नाही.

हा तक्ता ठेवण्याच्या दोन पद्धती प्रचलित आहेत. पहिली एमबीआर. आयबीएमच्या वैयक्तिक संगणकासाठी १९८३ मध्ये आलेल्या डॉसच्या दुसऱ्या आवृत्तीपासून ती रूढ झाली. डिस्कच्या अगदी पहिल्या ५१२ बाइटांच्या सेक्टरमध्ये संगणक सुरू करणारा छोटा कार्यक्रम आणि पार्टिशनचा तक्ता हे दोन्ही बसविलेले असतात. तक्त्याच्या वाट्यास केवळ ६४ बाइट येतात आणि प्रत्येक नोंदीस १६ बाइट लागतात. म्हणून एमबीआर डिस्कवर चारच प्राथमिक पार्टिशन शक्य होतात. अधिक हवी असल्यास चौघांपैकी एकास विस्तारित पार्टिशन करून त्याच्या पोटात उपविभाग करावे लागतात. तसेच सेक्टरचा क्रमांक ३२ बिटांत लिहिला जात असल्याने ५१२ बाइटांच्या सेक्टरनुसार सुमारे २.२ टीबीपलीकडील जागा या पद्धतीस ओळखता येत नाही.

दुसरी पद्धत जीपीटी. यूईएफआय व्यवस्थेसमवेत आलेल्या या पद्धतीत सर्वसाधारणपणे १२८ पार्टिशनची सोय असते. तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी राखलेली असते आणि तक्ता बिघडला आहे काय हे तपासण्याची योजनाही असते. नवी मांडणी करावयाची असेल आणि संगणक यूईएफआय जाणणारा असेल, तर जीपीटीच स्वीकारावी.

३. जुन्या संगणकावरील सापळा

महाविद्यालयांत अद्याप वापरात असलेल्या विंडोज ७ च्या काळातील अनेक संगणकांवर एमबीआर पद्धतच आढळते. त्यावर प्रणालीसाठी राखीव एक छोटे पार्टिशन, ‘सी’, ‘डी’ आणि उत्पादकाने दिलेले पुनःस्थापनेचे पार्टिशन अशी चार प्राथमिक पार्टिशन असल्यास तक्ता भरून गेलेला असतो. डिस्कवर २०० जीबी जागा मोकळी केली तरी लिनक्सची स्थापना करताना ती जागा ‘अनुपयोगी’ दाखविली जाते. जागा पुष्कळ आहे, पण तिची नोंद करण्यास ओळ शिल्लक नाही, असा हा प्रकार होय.

याच वेळी विंडोजमधील डिस्क व्यवस्थापनाचे साधन पाचवे पार्टिशन करू पाहणाऱ्यास डिस्क ‘डायनॅमिक’ स्वरूपात बदलण्याची सूचना पुढे करते. ही सूचना स्वीकारू नये. तशा डिस्कवर लिनक्सची स्थापना अवघड होते आणि माहिती न गमावता मूळ स्वरूपात परतणे सोपे नसते. योग्य उपाय म्हणजे ‘डी’ मधील माहितीची प्रत बाहेर काढून ते पार्टिशन हटविणे आणि त्या जागी विस्तारित पार्टिशन करून त्यात माहिती व लिनक्स यांचे उपविभाग पाडणे. लिनक्सला प्राथमिक पार्टिशनचा आग्रह नसतो. उपविभागातूनही तो व्यवस्थित सुरू होतो.

४. नियोजनाचे तत्त्व : आधी माहिती, मग प्रणाली

विंडोज एक्सपीचा पाठिंबा ८ एप्रिल २०१४ रोजी संपला, विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १० चा २०२५ मध्ये. उबंटूच्या दीर्घकालीन आवृत्तीसही नियमित पाठिंबा ५ वर्षेच असतो. याउलट एखाद्या प्राध्यापकाची एम.फिल. वा पीएच.डी.ची सामग्री, विभागाचे इतिवृत्त, मूल्यांकनासाठी जमविलेली कागदपत्रे यांचे आयुष्य दहा-वीस वर्षांचे असते. कार्यप्रणाली ही भाडेकरूसारखी येते आणि जाते. संस्थेची माहिती मात्र कायम वास्तव्यास असते.

यावरून नियोजनाचे साधे तत्त्व निघते. जे बदलणार आहे आणि जे टिकवावयाचे आहे, ते एकाच पार्टिशनमध्ये ठेवू नये. विंडोज बिघडल्यास ‘सी’ पुसून नव्याने स्थापना करता यावी, लिनक्सची आवृत्ती बदलता यावी, आणि या दोन्ही वेळी माहितीच्या पार्टिशनला हात लागू नये. म्हणून प्रथम माहितीस किती जागा लागते व पुढील ५ वर्षांत किती लागेल हे ठरवावे. त्यानंतर उरलेली जागा दोन प्रणालींत वाटावी. व्यवहारात याच्या नेमके उलट घडते. प्रणाली आधी बसविल्या जातात आणि उरलेल्या फटीत माहिती कोंबली जाते.

५. एक नमुना आराखडा

उदाहरणादाखल ८ जीबी मेमरी, ५१२ जीबीची एसएसडी आणि यूईएफआय व्यवस्था असलेला संगणक घेऊ. येथे मापाचा एक घोळ आधी समजून घ्यावा लागेल. उत्पादक १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट मानतात, तर विंडोज दोनाच्या घातांनी मोजते. त्यामुळे ५१२ जीबीची डिस्क विंडोजमध्ये सुमारे ४७६ जीबी दिसते. यात फसवणूक नाही, पण आराखडा कागदावर मांडताना ४७६ हाच आकडा धरावा. वाटणी पुढीलप्रमाणे करता येईल.

(अ) ईएफआय पार्टिशन, १ जीबी : दोन्ही प्रणालींचे आरंभ-कार्यक्रम येथे राहतात. स्वरूप एफएटी ३२. हे पार्टिशन सामाईक असते. दोन प्रणालींसाठी दोन करण्याची आवश्यकता नाही. विंडोजने आपोआप केलेले पार्टिशन बहुधा १०० एमबीचे असते. ते चालते, पण नव्याने मांडणी करताना मोठे ठेवणे हिताचे. याशेजारी विंडोज १६ एमबीचे एक राखीव पार्टिशन करते, त्यास स्पर्श करू नये.

(आ) विंडोज, १५० जीबी : प्रणाली, टॅली, जुने मराठी टंक व अन्य सॉफ्टवेअर. नियतकालिक अद्यतनांमुळे हा भाग फुगत जातो, म्हणून किमान ६४ जीबीवर समाधान मानू नये.

(इ) विंडोजची पुनःस्थापना, १ जीबी : विंडोज दुरुस्त करण्याची साधने येथे असतात.

(ई) लिनक्सचे मूळ पार्टिशन, ६० जीबी : स्वरूप एक्स्ट ४. उबंटू २४.०४ साठी २५ जीबी जागा सुचविलेली आहे. प्रयोगशाळेतील अन्य साधने धरून दुपटीहून अधिक जागा राखली आहे.

(उ) लिनक्सचे ‘होम’ पार्टिशन, ४० जीबी : वापरकर्त्यांच्या मांडण्या व चालू काम. स्वरूप एक्स्ट ४. ते वेगळे ठेवल्याने लिनक्सची पुनःस्थापना करताना वापरकर्त्यांचे काम सुरक्षित राहते.

(ऊ) स्वॅप, ८ जीबी : मेमरी अपुरी पडल्यास घ्यावयाची जागा. संगणक ‘हायबरनेट’ करावयाचा असेल तर ती मेमरीएवढी तरी असावी. तसे नसेल तर स्वतंत्र पार्टिशनऐवजी मूळ पार्टिशनमधील स्वॅप-फाइलही पुरते.

(ए) सामाईक माहिती, १९० जीबी : स्वरूप एनटीएफएस. विंडोजचे हे मूळ स्वरूप लिनक्सला वाचता व लिहिता येते.

या सर्वांची बेरीज ४५० जीबी होते. उरलेले सुमारे २६ जीबी हेतुतः रिकामे सोडावेत. नियोजनात कोणता अंदाज चुकला हे सहा महिन्यांनंतरच कळते. त्या वेळी ही मोकळी जागा उपयोगी पडते. मात्र पार्टिशन सामान्यतः लगतच्या मोकळ्या जागेतच वाढविता येते. म्हणून ज्या भागाच्या वाढीची शक्यता अधिक, त्याच्या शेजारीच ती सोडावी.

सामाईक पार्टिशनबाबत एक मर्यादा ध्यानात घ्यावी. लिनक्समधील फाइलींचे मालकी-हक्क व परवानग्या एनटीएफएसवर तशाच्या तशा पाळल्या जात नाहीत. म्हणून कागदपत्रे, सादरीकरणे व छायाचित्रे तेथे ठेवावीत, पण लिनक्समधील कार्यक्रम व त्यांचे प्रकल्प ‘होम’ मध्येच असावेत.

६. अंमलबजावणीतील दक्षता

प्रथम माहितीची संपूर्ण प्रत संगणकाबाहेर घ्यावी. पार्टिशन लहान-मोठे करताना वीज गेली तर तक्ता व माहिती यांचा मेळ तुटू शकतो. दि. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी मुंबई व उपनगरांचा वीजपुरवठा एकाएकी खंडित होऊन लोकल गाड्याही जागच्या जागी थांबल्या होत्या. तेव्हा ‘आपल्याकडे वीज जात नाही’ हा उपनगरवासीयांचा विश्वास या कामापुरता बाजूस ठेवावा आणि यूपीएस अवश्य जोडावा.

विंडोज आधी व लिनक्स नंतर, हा क्रम पाळावा. एमबीआर संगणकावर विंडोजची स्थापना पहिल्या सेक्टरमधील आरंभ-कार्यक्रम आपल्या ताब्यात घेते आणि लिनक्सकडे जाण्याची वाट बंद होते. लिनक्स मात्र ‘ग्रब’ या कार्यक्रमाद्वारे दोन्ही प्रणालींची निवड-सूची देऊ शकतो. दोन्ही प्रणाली एकाच आरंभ-व्यवस्थेत बसवाव्यात. एक यूईएफआयमध्ये आणि दुसरी जुन्या पद्धतीत बसविल्यास निवड-सूची कामी येत नाही.

विंडोजचे पार्टिशन विंडोजच्याच साधनाने लहान करावे. ‘सी’ मध्ये १०० जीबी रिकामे असूनही कधी कधी त्यापैकी थोडीच जागा सोडविता येते. पेज-फाइल, हायबरनेशनची फाइल यांसारख्या न हलणाऱ्या फाइली मध्येच ठाण मांडून बसलेल्या असतात. त्या सोयी तात्पुरत्या बंद करून पुन्हा प्रयत्न करावा. विंडोज ८ पासून आलेली ‘फास्ट स्टार्टअप’ ही सोय तर कायमची बंद करावी. या सोयीमुळे संगणक बंद केल्यासारखा दिसला तरी विंडोज अर्धवट निद्रेत असते. त्या अवस्थेत लिनक्समधून तिच्या पार्टिशनवर लिहिल्यास माहिती दूषित होऊ शकते. बिटलॉकरने डिस्क कूटबद्ध केलेली असल्यास तिची ४८ अंकी पुनःप्राप्ती-किल्ली कागदावर उतरवून विभागप्रमुखांकडे ठेवावी. आरंभ-व्यवस्थेत बदल होताच संगणक ती मागू शकतो.

स्थापनेनंतर दिसणारी एक गंमत भारतातील वापरकर्त्यास गोंधळात टाकते. लिनक्सवरून विंडोजमध्ये आल्यावर घड्याळ नेमके साडेपाच तास मागे पडलेले आढळते. लिनक्स संगणकाच्या अंतर्गत घड्याळात जागतिक प्रमाणवेळ लिहितो, तर विंडोज तीच वेळ स्थानिक समजते. आपली वेळ साडेपाच तास पुढे असल्याने तेवढाच फरक पडतो. विद्यार्थ्याने प्रकल्प मुदतीत सादर केला की नंतर, हा वाद फाइलीच्या वेळेवरून सुटत असेल तर ही बाब क्षुल्लक राहत नाही. लिनक्सला स्थानिक वेळ वापरण्याची आज्ञा एकदा दिल्यास हा प्रश्न मिटतो.

लिनक्स नको झाला म्हणून विंडोजमधून त्याचे पार्टिशन थेट हटवू नये. ग्रबला लागणाऱ्या फाइली त्याच पार्टिशनमध्ये असल्याने पुढच्या वेळी संगणक काळ्या पडद्यावर अडून बसतो आणि विंडोजही सुरू होत नाही. आधी आरंभाचा मान विंडोजकडे परत द्यावा, मगच पार्टिशन काढावे.

७. विभाजनाने काय साध्य होत नाही

पार्टिशन म्हणजे कुलूप नव्हे. विंडोजचा पासवर्ड विंडोज चालू असतानाच पहारा देतो. त्याच संगणकावर लिनक्स सुरू करून पुरेसे अधिकार असलेला वापरकर्ता विंडोजच्या पार्टिशनमधील फाइली वाचू शकतो, जर ते कूटबद्ध नसेल. यास्तव प्रश्नपत्रिका व गुणपत्रके विद्यार्थ्यांच्या प्रयोगशाळेतील द्विप्रणाली संगणकावर कदापि ठेवू नयेत.

पार्टिशन म्हणजे दुसरी प्रतही नव्हे. ‘सी’ मधील फाइल ‘डी’ मध्ये उतरवून निश्चिंत होण्याची सवय सर्वत्र आढळते. परंतु दोन्ही भाग एकाच डिस्कवर असतात. डिस्क निकामी झाली की दोन्ही एकदम जातात. दि. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली आणि कुर्ला, कलिना परिसरातील तळमजले पाण्याखाली गेले. तळमजल्यावर पाण्यात बुडालेल्या संगणकाच्या बाबतीत त्याची डिस्क किती भागांत विभागलेली होती, हा प्रश्नच गैरलागू ठरतो. खरी प्रत ती, जी दुसऱ्या डिस्कवर आणि शक्यतो दुसऱ्या जागी असते.

८. पर्यायांचा विचार

प्रत्येक ठिकाणी द्विप्रणाली व्यवस्थाच हवी असे नाही. १६ जीबी वा अधिक मेमरी असल्यास व्हर्च्युअलबॉक्ससारख्या साधनाने विंडोजच्या आतच लिनक्स चालविता येतो आणि पार्टिशनला धक्का लागत नाही. प्राथमिक आज्ञांचा परिचय करून देण्यास यूएसबीवरून चालणारा लिनक्सही पुरेसा आहे. परंतु ४ वा ८ जीबी मेमरीच्या संगणकावर दोन प्रणालींनी एकाच वेळी मेमरी वाटून घेतल्यास दोन्ही मंदावतात. तेथे एका वेळी एकाच प्रणालीस संपूर्ण यंत्र देणारी द्विप्रणाली व्यवस्था अधिक उपयुक्त ठरते. संगणकात दुसरी डिस्क बसविण्याची सोय असेल तर प्रत्येक प्रणालीस स्वतंत्र डिस्क देणे हा सर्वांत निर्धोक मार्ग होय.

९. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१. डिस्क-विभाजनाचा आराखडा संगणकासमोर बसण्यापूर्वी कागदावर तयार व्हावा आणि त्यात संबंधित सर्व विभागांचा सहभाग असावा.
२. माहितीचे पार्टिशन प्रथम ठरवावे. प्रणालींची वाटणी त्यानंतर करावी.
३. जुन्या संगणकावर पार्टिशनची पद्धत एमबीआर आहे की जीपीटी, याची खातरजमा केल्याविना काम आरंभू नये.
४. मंजूर आराखड्याची एक प्रत प्रयोगशाळेच्या नोंदवहीत चिकटवावी, म्हणजे तंत्रज्ञ बदलला तरी कोणत्या भागात काय आहे हे पुढच्यास कळेल.
५. जुन्या टंकांतील मराठी लेखनाचे युनिकोडमध्ये रूपांतर करण्याचे काम मराठी विभागाने टप्प्याटप्प्याने हाती घ्यावे. हे रूपांतर पूर्ण होईल तेव्हा त्या विभागापुरती विंडोजची सक्ती संपेल आणि माहितीचे पार्टिशन कोणत्याही प्रणालीतून वाचता येईल.

तंत्रज्ञ अर्ध्या तासात पार्टिशन पाडून देऊ शकतो. त्यापैकी कोणत्या भागात परत न मिळणारे काम आहे, हे मात्र ते काम करणाऱ्या अध्यापकालाच ठाऊक असते. म्हणून या नियोजनाचा पहिला कागद अध्यापकाच्या हातून लिहिला जाणे आवश्यक आहे.